फाट्यावरच्या नागरी सेवा आणि त्यांची नित्य सूचना

नांदेडहून अर्धापूरमार्गे उत्तरेकडे निघालेला रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीला आणि पुढे वाशीम-अकोल्याला जाते. दुसरी हदगाव, उमरखेड, महागाव ओलांडून यवतमाळ-नागपूरकडे निघते. पहिला राष्ट्रीय महामार्ग १६१, दुसरा ३६१. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातल्या या नाक्यावर दिवसभरात जी माणसे थांबतात, त्यांतली बरीच इथली नसतात. कोणी एसटी बदलायला उतरते, कोणी चहाला थांबते, कोणी हळदीच्या पोत्यांनी भरलेली गाडी कडेला घेऊन पंक्चर काढून घेते. त्यांना लागणाऱ्या गोष्टी मात्र शहरात लागतात त्याच: प्यायचे पाणी, स्वच्छतागृह, रात्रीचा उजेड, कचरा टाकायला जागा, पुढची गाडी कधी आहे याची खबर. गरज शहरी आणि कारभार ग्रामपंचायतीचा. नागरी सेवांची माहिती लोकांपर्यंत कशी पोहोचते, किंवा का पोहोचत नाही, हे तपासायला अशी विजोड जागा उपयोगी पडते. नगरपरिषदेच्या गावात जे दोष सवयीने झाकले जातात, ते फाट्यावर उघडे दिसतात.

विषयाची मर्यादा आधी आखून घेऊ. भूमिपूजने, लोकार्पणे, विकास आराखडे यांच्या बातम्या इथे अभिप्रेत नाहीत. उद्या अमुक भागात पाणी येणार नाही, घंटागाडी दोन दिवस बंद राहील, घरपट्टीतल्या सवलतीची मुदत अमुक तारखेला संपते, दाखल्याचे काम आता दुसऱ्या खिडकीवर होईल, अशी जी किरकोळ माहिती एखादी स्थानिक संस्था आपल्या चालू कामाबद्दल देते, तिला या लेखात नित्य सूचना म्हटले आहे. अशा सूचनेची चार अंगे मानता येतील: काय बदलले, कोणत्या हद्दीत, कधीपासून कधीपर्यंत, आणि विचारायचे कोणाला. पहिले अंग बहुतेक सूचनांत असते. दुसरे अर्धवट असते, तिसऱ्यात 'पासून' असते पण 'पर्यंत' नसते. चौथे अंग शोधावे लागते.

माझे प्रतिपादन असे की नित्य सूचना हा सेवेचाच घटक आहे. सेवा दिल्यानंतर सवडीने करायची ती प्रसिद्धी नव्हे. नळाला एक दिवसाआड पाणी येते, हे लोक सोसतात. ते कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार हे कळले नाही, तर घरातले एक माणूस, बहुधा बाई, दिवसभर त्या नळाशी बांधले जाते. तिची मजुरी बुडते, मुलीची शाळा बुडते. या बुडालेल्या वेळेला कोणत्याही अंदाजपत्रकात शीर्ष नाही. पाण्याचे प्रमाण तेच ठेवून केवळ वेळ आधी सांगितली, तरी त्या घराच्या दृष्टीने सेवा सुधारते. मोठा खर्च न करता सुधारता येईल असा सेवेचा हा बहुधा एकमेव भाग असावा, आणि दुर्लक्षही त्याच्याकडेच जास्त होते.

रात्रीची लोकसंख्या, दुपारची लोकसंख्या

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले शहरी प्रमाण सुमारे पंधरा टक्के. जिल्ह्यात हिंगोली, वसमत आणि कळमनुरी या तीन नगरपरिषदा. सेनगाव आणि औंढा नागनाथ या दोन नगरपंचायती. या दोन ठिकाणी नगरपंचायत आली ती तालुक्याचे गाव म्हणून, कारण २०१४-१५च्या सुमारास राज्य सरकारने तालुका मुख्यालयांना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण घेतले. वारंगा फाटा तालुक्याचे ठिकाण नाही, म्हणून ती वाट त्याच्यासाठी नव्हती.

दुसरी वाट लोकसंख्येची. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ प्रमाणे नगरपरिषदेसाठी किमान २५ हजार लोकसंख्या आणि शेतीबाहेरच्या रोजगाराचे किमान ३५ टक्के प्रमाण लागते. नगरपंचायतीचा पल्ला १० ते २५ हजारांचा. जनगणना खाते आणखी एक माप वापरते: लोकसंख्या ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला ४०० आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी तीन चतुर्थांश शेतीबाहेर. ही तिन्ही मापे पूर्ण करणाऱ्या गावाला ते जनगणना शहर म्हणते, भले तिथे ग्रामपंचायत असो. देशात अशी गावे २००१मध्ये १,३६२ होती, २०११मध्ये ३,८९४ झाली. म्हणजे कारभाराने खेडे आणि व्यवहाराने शहर अशी ठिकाणे वाढत आहेत, हे सरकारलाही ठाऊक आहे.

या सगळ्या मापांत मोजला जातो तो तिथे राहणारा, रात्री तिथे झोपणारा माणूस. फाट्याचे वैशिष्ट्य नेमके उलटे आहे. त्याच्यावर ताण टाकणारी लोकसंख्या दुपारची आहे, आणि तिची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. वित्त आयोगाचा निधी मुख्यतः लोकसंख्या आणि क्षेत्रफळ पाहून वाटला जातो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या निधीपैकी ६० टक्के रक्कम बंधित ठेवली होती, त्यातली निम्मी पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. उद्देश चांगला; पण जिथे शंभर घरांमागे कित्येक पट वाटसरू कचरा टाकून जातात, तिथे ही वाटणी घरांच्या हिशेबाने पुरी पडत नाही. घनकचऱ्याचे २०१६चे नियमही शहरी संस्था, जनगणना शहरे, तीर्थक्षेत्रे अशांना लागू होते. साधी ग्रामपंचायत आणि तिच्या दारातला महामार्ग यांचा विचार त्यांत दिसत नव्हता.

सूचनेच्या दृष्टीने याचा परिणाम असा होतो की संस्थेचा मतदार एक आणि सेवेचा उपभोक्ता वेगळा. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांतली कमी असलेली संख्या लागते. पण फाट्यावर दुकान चालवणारा अनेकदा शेजारच्या गावचा मतदार असतो, हॉटेलातला कामगार आणखी कुठला, आणि बसची वाट पाहणारा तर जिल्ह्याबाहेरचा. ग्रामसभेत सांगितलेली गोष्ट यांच्यापर्यंत पोहोचण्याचे कारणच नाही. यांच्यासाठी सूचना जागेवरच लावली पाहिजे: खांबावर, थांब्यावर, टाकीखाली.

एका नाक्यावर किती खाती

नगरपरिषदेच्या इमारतीत पाणीपुरवठा, आरोग्य व स्वच्छता, बांधकाम, कर व वसुली, विद्युत, नगररचना, लेखा, अग्निशमन, जन्म-मृत्यू नोंदणी असे विभाग एका छताखाली असतात आणि वर मुख्याधिकारी असतो. विभाग एकमेकांशी बोलत नसतील, तरी तक्रारदाराला दार एकच दिसते. फाट्यावर तसे छत नाही. मुख्य रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा. वीज महावितरणची. गावातले दिवे, पाणी आणि नाल्या ग्रामपंचायतीच्या. बस राज्य परिवहन महामंडळाची. दवाखाना जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाचा. पोलीस आखाडा बाळापूर ठाण्याचे. शेतातल्या चाऱ्यांना येणारे पाणी पाटबंधारे खात्याचे. यांतले प्रत्येक खाते आपल्या परीने माहिती देत असेलही, पण त्या माहितीची बेरीज करणारे कोणी नाही.

साधे उदाहरण घ्या: नाक्यावरचा दिवा बंद आहे. तो महामार्गाच्या कामात बसवलेला असेल तर दुरुस्ती त्या यंत्रणेकडे. ग्रामपंचायतीने बसवलेला असेल तर दिवा तिचा, वीजबिलही तिचे. फ्यूज वरच्या रोहित्रावर गेला असेल तर काम महावितरणचे. अंधारात उभ्या असलेल्या माणसाला या तीन शक्यतांतली खरी कोणती हे कळायला मार्ग नाही. खांबावर क्रमांक आणि मालकाचे नाव रंगवलेले असेल, तर हा गुंता एका ओळीत सुटतो. दूरध्वनीचे आकडेही असेच विखुरलेले: अपघातात रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह सर्व तातडीसाठी ११२, महामार्गावरील मदतीसाठी १०३३, विजेसाठी १९१२. चारही आकडे उपयोगाचे आहेत. पण दोन महामार्ग जिथे मिळतात अशा प्रत्येक जागी ते एकाच फलकावर, रात्री वाचता येतील असे असणे हे कोणाचे काम, याचे उत्तर चारांपैकी एकाही खात्याच्या कामाच्या यादीत सापडणार नाही. त्याच जागी वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक मात्र वेळच्या वेळी बदलतात. तिथे सूचना देणाऱ्याला आपले नाव दिसावे असे मनापासून वाटते, हेच त्यामागचे कारण.

जन्म-मृत्यू नोंदणीचा मुद्दा फाट्यावर वेगळे रूप घेतो. १९६९च्या कायद्याप्रमाणे घटना घडली तिथल्या निबंधकाकडे २१ दिवसांच्या आत माहिती द्यायची असते. गावात हे काम ग्रामसेवकाकडे, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. महामार्गावर अपघात होऊन जागीच मृत्यू झाला तर नोंद त्या हद्दीत. जखमीला नांदेडला नेले आणि तिथे प्राण गेला तर नांदेड-वाघाळा महानगरपालिकेत. चालत्या वाहनात मृत्यू झाला तर वाहन पहिल्यांदा थांबेल तिथे. मृताचे घर यवतमाळला असो की लातूरला, त्याने फरक पडत नाही. विमा, वारसनोंद, बँक सगळे त्या दाखल्यावर अडते, आणि दुःखातले घर आपल्याच गावच्या कचेरीत चकरा मारत राहते. १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीने जन्माच्या दाखल्याचेही महत्त्व वाढवले. मृत्यूची नोंद कुठे होते, ही अपघातप्रवण नाक्यावरच्या ग्रामपंचायतीने दारावर लावायची पहिली सूचना असायला हवी.

पाणी: 'तांत्रिक अडचण' म्हणजे काय

नित्य सूचनांत सर्वांत जास्त वापरली जाणारी आणि सर्वांत कमी सांगणारी शब्दरचना म्हणजे 'तांत्रिक अडचणीमुळे' आणि तिची थोरली बहीण 'अपरिहार्य कारणास्तव'. त्यांत खोटे काही नसते. फक्त ऐकणाऱ्याला जे हवे ते गाळलेले असते.

पाणी घरापर्यंत येते ते टप्प्याटप्प्याने. उद्भव म्हणजे धरण, विहीर किंवा बोअर, तिथला उपसा पंप, मुख्य जलवाहिनी, शुद्धीकरण, जलकुंभ, आणि शेवटी व्हॉल्व्ह फिरवून भागाभागाला दिले जाणारे पाणी. हिंगोली शहराला पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणातून पाणी येते, तेव्हा ही साखळी लांब असते. फाट्यावरच्या ग्रामपंचायतीची आखूड. पण दोन्हीकडे एक नियम सारखाच लागू पडतो: कोणत्या टप्प्यावर बिघडले यावरून किती वेळ लागेल याचा अदमास बांधता येतो. वीज गेली असेल तर प्रश्न तासांचा, शिवाय वीज आल्यावर टाकी भरायला लागणारा वेळ वेगळा. वाहिनी फुटली असेल तर एक-दोन दिवस. पंपाची मोटार जळाली तर ती काढून, गुंडाळून आणून पुन्हा बसवेपर्यंत त्याहून जास्त. थकीत बिलापायी जोडणी तोडली असेल तर वेळ तिजोरीवर अवलंबून. उद्भवच आटला असेल तर पावसाळ्यापर्यंत. 'तांत्रिक अडचण' या दोन शब्दांत या पाचही गोष्टी बसतात, आणि घरातली बाई पाचांपैकी कशासाठी भांडी भरून ठेवायची हे ठरवू शकत नाही. दोन हंडे पुरतील की टँकर सांगावा लागेल? हॉटेलवाल्याने जार मागवायचे की दुपारपर्यंत वाट पाहायची? टप्पा सांगितला की अंदाज ज्याचा तो बांधतो. संस्थेने तारखेचे वचन देण्याचीही गरज उरत नाही, आणि संस्था नेमकी त्या वचनालाच भीत असते.

ही माहिती नसते असे नाही. ती व्हॉल्व्हमनकडे असते. कोणत्या गल्लीला किती मिनिटे, कोणत्या चढावर दाब पुरत नाही, कुठला व्हॉल्व्ह घट्ट झाला आहे, हे त्याच्या हातांना ठाऊक असते. गावाच्या पाणीपुरवठ्याचे खरे वेळापत्रक त्याच्या डोक्यात असते आणि तो रजेवर गेला की वेळापत्रकही रजेवर जाते. विवेचनाच्या भाषेत सांगायचे तर नित्य सूचनेचा उगम संस्थेच्या सर्वांत खालच्या पायरीवर आहे, आणि सूचना देण्याचा अधिकार मात्र सर्वांत वरच्या पायरीवर. माहिती वर चढते, सहीसाठी थांबते, मग खाली येते. तोवर पाणी आलेले असते किंवा प्रश्न बदललेला असतो.

परिमाणांचा फरकही लक्षात घ्यावा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचे माप ग्रामीण घरात माणशी रोज ५५ लिटर. शहरी योजनांचे माप मलनिस्सारण वाहिन्या असतील तिथे १३५ लिटर, नसतील तिथे ७०. फाट्यावरच्या रहिवाशाचा हक्क कागदावर ५५चा. त्याच्या शेजारी दिवसभर पेले विसळणाऱ्या हॉटेलाला आणि तिथे तोंड धुणाऱ्या प्रवाशांना घरगुती मापात जागा नाही. त्यांचे पाणी बोअरचे, टँकरचे, नाही तर विकतचे.

वसुलीची सूचना का पोहोचते

कराच्या बाबतीत चित्र वेगळे. ग्रामपंचायतीची घरपट्टी सप्टेंबरअखेर भरली तर पाच टक्के सूट मिळते; नगरपरिषदेत थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते; दर चार वर्षांनी फेरआकारणी होते आणि तिच्यावर हरकती घ्यायला ठरावीक मुदत असते. यांतल्या वसुलीच्या सूचना मार्च आला की रिक्षावरच्या भोंग्यातून, जप्तीच्या इशाऱ्यासह, गल्लीबोळात ऐकू येतात. सूट मिळण्याची सूचना सप्टेंबरात तितक्या मोठ्याने ऐकू येत नाही आणि हरकतीची मुदत तर बहुतेकांना ती संपल्यावर कळते. भोंगा तोच, रिक्षा तीच. म्हणजे साधने नसतात ही सबब टिकत नाही; संस्थेला स्वतःला गरज असते तेव्हा सूचना पोहोचते.

याच जिल्ह्यात, नगरपालिकेच्या बाहेर, नित्य सूचना चोख चालते अशी दोन ठिकाणे आहेत. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाच्या, म्हणजे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात रब्बी-उन्हाळी हंगामात पाणीपाळ्यांचे जाहीर प्रकटन निघते. किती पाळ्या, कोणत्या तारखेपासून, अर्ज नमुना नंबर सातमध्ये कधीपर्यंत, थकबाकी किती भरलेली असावी, कोणत्या शाखेत विचारावे, हे सगळे त्यात असते. वर सांगितलेली चारही अंगे. शेतकरी त्यावरून गहू घ्यायचा की भुईमूग हे ठरवतो. प्रत्यक्ष पाणी शेवटच्या चारीला वेळेवर पोहोचते का, हा वेगळा वाद; सूचनेचा साचा मात्र उत्तम आहे आणि तो पिढ्यान्पिढ्या घोटला गेला आहे. दुसरे ठिकाण हळदीचा बाजार. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात किंवा वसमतच्या बाजारात आज आवक किती, दर काय, बीट म्हणजे लिलाव कधी बंद राहणार, हे हळद भरलेली गाडी फाट्यावर पोहोचण्याआधी चालकाच्या फोनवर असते. तिथे चुकीच्या सूचनेची किंमत लगेच, रुपयांत, आणि दोघांनाही मोजावी लागते.

या दोन उदाहरणांवरून एक अनुमान काढता येते. जिथे सूचना न मिळाल्याचे नुकसान सूचना देणाऱ्यालाही सोसावे लागते, तिथे ती वेळेवर आणि पूर्ण येते. नळाचे पाणी न आल्याचे नुकसान ग्रामपंचायतीला सोसावे लागत नाही. म्हणून तिथे केवळ सद्भावनेवर विसंबून चालत नाही, बाहेरून बंधन घालावे लागते.

बंधन आहे, पण स्थिर माहितीचे

तसे बंधन कायद्यात आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५च्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबींची माहिती कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २८ एप्रिल २०१५पासून लागू झाला. त्याने अधिसूचित सेवा, त्यांची कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी आणि दोन अपिलीय अधिकारी यांची यादी फलकावर लावणे सक्तीचे केले, आणि विनाकारण विलंबाला पाचशे ते पाच हजार रुपयांची शास्ती ठेवली. त्यामुळे आज जवळपास प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असा तक्ता रंगवलेला दिसतो.

पण हे दोन्ही कायदे ज्या माहितीबद्दल बोलतात ती स्थिर आहे. दाखला किती दिवसांत मिळेल हे वर्षभर बदलत नाही, म्हणून ते ऑइलपेंटने लिहिता येते. पाणी उद्या येणार का, हे रोज बदलते. ते खडूनेच लिहावे लागते. कायद्याने ऑइलपेंटची सक्ती केली, खडूची केली नाही. ग्रामपंचायतीत नमुना १ ते ३३ अशी नोंदवह्यांची लांबलचक मालिका आहे; कर आकारणीचा नमुना ८ तर शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत असतो. त्या तेहतिसांत सेवा केव्हा खंडित झाली, किती वेळ, आणि लोकांना केव्हा सांगितले, याची नोंद ठेवणारा एकही नमुना लोकांच्या तोंडी नाही. ज्याची नोंद होत नाही त्याची तपासणी होत नाही, लेखापरीक्षणात त्यावर आक्षेपही येत नाही.

माध्यमांचा प्रश्न मला त्या मानाने दुय्यम वाटतो. दवंडी गेली, भोंगा आला, भोंग्यानंतर व्हॉट्सॲपचे ग्रुप आले. ग्रुपवरची सूचना वेगाने पोहोचते, पण तिच्यावर तारीख नसते. 'आज पाणी येणार नाही' हा संदेश चार दिवस फिरत राहतो आणि प्रत्येक दिवशी तो 'आज'च असतो. शिवाय ग्रुपचा चालक बहुधा कोणत्या तरी गटाचा असतो. दुसऱ्या गटाची घरे त्यात नसतात किंवा असूनही बोलत नाहीत. महावितरणचा लघुसंदेश नोंदणीकृत ग्राहकाला जातो, आणि फाट्यावरच्या गाळ्यात ग्राहक म्हणजे मालक. भाडेकरू दुकानदाराच्या फ्रीजमधले दूध फुटते तेव्हा मालकाच्या फोनवर सूचना व्यवस्थित पोहोचलेली असते. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर २०२१-२२पासून प्रशासक होते आणि निवडणुका थेट २०२५च्या डिसेंबरात झाल्या. त्या मधल्या काळात शहरांतला सर्वांत जुना सूचनावाहक, म्हणजे प्रभागाचा नगरसेवक, नाहीसा झाला होता. नगरसेवकाला शिव्या देणाऱ्यांनाही तेव्हा जाणवले की नळ का बंद आहे हे विचारायला एक माणूस तरी होता.

एक अपवादाचा दिवस

२०२४मध्ये हिंगोली जिल्ह्याला दोनदा जोराचे भूकंपाचे धक्के बसले: २१ मार्चला पहाटे आणि १० जुलैला सकाळी. दोन्ही वेळी तीव्रता ४.५ नोंदली गेली आणि जुलैच्या धक्क्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याच्या परिसरात सांगितले गेले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून येणारे गूढ आवाज लोकांनी त्याआधी कित्येक वर्षे ऐकलेले होते, त्यामुळे घबराटीला जुनी पार्श्वभूमी होती. अशा सकाळी लोकांना तीन गोष्टी हव्या असतात: घरात जायचे का, शाळा आहे का, खरी खबर कोणाची. जिल्हा प्रशासनाकडे आपत्तीची यंत्रणा असते आणि ती कामाला लागते. पण शेवटचा टप्पा, तांड्यापर्यंतचा किंवा फाट्यावरच्या गर्दीपर्यंतचा, पुन्हा त्याच ग्रामपंचायतीच्या हाती येतो. ज्या फलकावर रोज काहीतरी ताजे लिहिलेले असते त्याच्याकडे माणूस त्या दिवशीही पाहतो. तीन वर्षांपूर्वीच्या योजनेचा कागद जिथे उन्हाने पिवळा पडला आहे, तिकडे कोणी वळत नाही. आपत्कालीन सूचनेची विश्वासार्हता रोजच्या रटाळ सूचनांनी आधी कमवावी लागते, आणि त्यासाठी वेगळी योजना मंजूर करून घेण्याची गरज नाही.

मग करायचे काय? उपाय सांगताना एक अडचण आधी मान्य केली पाहिजे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे अनेकदा एकाहून अधिक गावांचा कार्यभार असतो, आणि त्याच्यावर आधीच ऑनलाइन नोंदींचा इतका भार आहे की आणखी एक काम सांगणे अन्यायाचे होईल. म्हणून सूचना लिहिण्याचा अधिकार खाली दिला पाहिजे. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने टाकीखालच्या फळ्यावर रोज सकाळी टप्पा, भाग आणि वेळ खडूने लिहावी आणि खाली स्वतःचे नाव लिहावे. वरची सही नको. त्याच फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला की तारीख आपोआप येते. चुकले तर चुकले. दुसऱ्या दिवशी पुसून नवे लिहिता येते. महिनाअखेर या फोटोंवरून किती दिवस खंड पडला याची एक ओळ काढून ग्रामसभेपुढे ठेवता येईल, आणि मग चर्चा आवाज चढवून होण्याऐवजी दिवस मोजून होईल.

महामार्ग, वीज आणि एसटी यांचे काम मात्र ग्रामपंचायतीच्या फळ्याने भागत नाही, कारण या यंत्रणा ग्रामपंचायतीला काही कळवायला बांधील नाहीत. दुभाजक तोडणे, वळण बंद करणे, थांबा शंभर मीटर पुढे नेणे, रोहित्र बदलणे, या गोष्टी फाट्याचे रोजचे जगणे पालटून टाकतात आणि सरपंचाला त्या इतरांबरोबरच, काम सुरू झाल्यावर दिसतात. याची गाठ तालुक्याच्या पातळीवरच मारता येईल. कळमनुरीला तहसील आणि पंचायत समिती दोन्ही आहेत. तालुक्यात काम करणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने पुढच्या आठवड्यातल्या आपल्या खंडांची आणि बदलांची एक-एक ओळ तिथे द्यायची, आणि ती यादी सोमवारी सगळ्या ग्रामपंचायतींना जायची, एवढीच व्यवस्था पुरेल. यादीत 'निरंक' लिहिण्याची मुभा असावी. सरकारी कचेरीला तो शब्द परका नाही. न पाठवण्याची मुभा मात्र नसावी. आणि वारंग्यासारख्या नाक्यावर ती यादी ग्रामपंचायतीच्या दारापेक्षा एसटीच्या थांब्यावर आधी लागावी, कारण वाचणारा तिथे उभा असतो आणि त्याच्याकडे वेळही असतो.